लोहचुंबकाची चिंता आणि पिंजऱ्याचा विसर

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांच्यापासून बनणारी लोहचुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्याचा चटका पुण्यापर्यंत पोहोचायला चार महिनेही लागले नाहीत. जुलैमध्ये बजाज ऑटोच्या धुरीणांनी ऑगस्ट महिन्यात विजेच्या दुचाकींचे उत्पादन शून्यावर येण्याची भीती जाहीरपणे बोलून दाखविली. पुढे नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ही लोहचुंबके देशातच तयार व्हावीत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि वर्षाला ६,००० टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठरविले. या निर्णयाचे स्वागत झाले, ते योग्यच झाले. परंतु या सगळ्या चर्चेत एक साधा प्रश्न बाजूला राहिला. लोहचुंबकावाचून चालणारी मोटर जगाला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. ती कोठे अडली आहे?

ती अडली आहे एका ओतीव पिंजऱ्यापाशी. इंडक्शन मोटरच्या फिरत्या भागात लोहचुंबक नसते. पोलादी चकत्यांची चळत रचून तिच्या खाचांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा रस दाबाने भरतात. खाचांत गज तयार होतात, दोन्ही टोकांना कडी तयार होतात आणि एकाच ओतीत खारीच्या पिंजऱ्यासारखी एक जोडलेली रचना उभी राहते. बाहेरच्या वेटोळ्यांतील विजेमुळे या पिंजऱ्यात वीज उत्पन्न होते आणि चक्र फिरू लागते. छताला टांगलेला जुन्या पद्धतीचा पंखा, विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप, पिठाची गिरणी या सर्वांच्या पोटात हाच पिंजरा असतो. तेव्हा हे काम आपल्या ओतशाळांना नवे आहे असे नाही. मात्र पंख्याचा पिंजरा मिनिटाला साडेतीनशे फेऱ्या घेतो आणि मोटारगाडीतला पंधरा हजार. या फरकात सगळा पेच सामावलेला आहे.

सोनाराच्या पेढीवर बसणाऱ्याला तो चटकन कळेल. बावनकशी सोन्याचा दागिना टिकत नाही. तो वाकतो, झिजतो, खडा धरून ठेवीत नाही. म्हणून सोनार त्यात तांब्याचे हीण मिसळतो. हीण मिसळले की दागिना टणक होतो, पण सोन्याचा कस उतरतो. अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट याहून थोडी अवघड आहे, कारण येथे गिऱ्हाइकाच्या मागण्या दोन नसून तीन आहेत. धातू बळकट हवा, साच्यात सहज ओतता यायला हवा आणि त्यातून वीज किंवा उष्णता विनासायास वाहायला हवी. पहिल्या दोन मागण्या हिणाने पुऱ्या होतात, आणि तेच हीण तिसरीच्या मुळावर येते.

किती येते ते आकड्यांत पाहता येईल. तांब्याची वाहकता १०० धरून इतर धातू मोजण्याचे प्रमाण १९१३ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. भारतीय ओतशाळांत अद्याप ब्रिटिश पद्धतीची नावे रूढ आहेत. त्या नावांनी बोलायचे तर जवळजवळ शुद्ध असा एलएम-० हा धातू या मोजपट्टीवर सुमारे ५७ ठरतो. सात टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम घातलेला एलएम-२५ हा ३९ वर येतो. आठ टक्के सिलिकॉन आणि तीन-साडेतीन टक्के तांबे असलेला एलएम-२४, म्हणजे दाबाने ओतकाम करणाऱ्या कारखान्यांचा रोजचा धातू, २४ वर घसरतो. बळाच्या बाबतीत शुद्ध धातू तळाला जातो. शुद्ध धातू चौरस मिलिमीटरला ८० न्यूटनच्या ताणाला तुटतो. एलएम-२४ त्याच्या दुपटीहून अधिक आणि उष्णतासंस्कार केलेला एलएम-२५ तिपटीहून अधिक ताण सोसतो. आता पिंजरा एलएम-२४ चा ओतला तर काय होईल? तेवढाच जोर देण्यासाठी पिंजऱ्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज सुमारे २.४ पट होईल. ही वीज बॅटरीतून येते, आणि ती उष्णता फिरत्या भागात कोंडल्यामुळे बाहेर काढणे कठीण असते. गाडीचा पल्ला तर घटेलच, मोटरही तापेल.

मग शुद्ध धातूच का वापरू नये? पंख्यात आणि पंपात तोच वापरतात. परंतु पंधरा सेंटिमीटर व्यासाचे कडे मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांनी फिरू लागले की त्याच्या परिघाचा वेग सेकंदाला ११८ मीटर होतो. धातूची घनता आणि या वेगाचा वर्ग यांचा गुणाकार केला की कड्यातला ताण निघतो. तो चौरस मिलिमीटरला सुमारे ३७ न्यूटन भरतो. शुद्ध ओतीव अ‍ॅल्युमिनियम मात्र ३० न्यूटनच्या आसपासच कायमचे ताणले जाऊ लागते, आणि तेही थंड असताना; दीडशे अंशांवर तापलेले कडे त्याहून लवकर हार मानील. हे गणित शाळकरी मुलालाही करता येईल इतके सोपे आहे, आणि त्याचे उत्तर टाळता येत नाही. तांब्याचा पिंजरा करावा तर तांबे अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड, शिवाय वितळते १,०८५ अंशांना. त्या उष्णतेत पोलादी साचे फार काळ तग धरीत नाहीत. टेस्लाने २०१२ साली आपल्या मॉडेल एस गाडीत तांब्याचा पिंजरा वापरला, पण ती महाग गाडी होती आणि ती चैन तिला परवडली. आउडीने २०१८ साली ई-ट्रॉनमध्ये अ‍ॅल्युमिनियमचाच मार्ग पत्करला.

ओतणाऱ्याची अडचण याखेरीज आहे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि निवू लागले की एकाच तापमानाला झपाट्याने गोठते. गोठताना त्याचे आकारमान सहा-सात टक्क्यांनी आकसते. बारीक खाचेतून धावणारा रस मध्येच थिजला तर गज अपुरा राहतो. आकसताना मागून रस पुरविला गेला नाही तर आत पोकळी राहते. गंमत अशी की ही पोकळी डोळ्यांना दिसत नाही, कारण गज पोलादाच्या पोटात दडलेला असतो. मोटर जोडून झाल्यावर, कधीकधी गाडी रस्त्यावर आल्यावर, तो गज तुटल्याचे कळते. त्यातच शुद्ध रस पोलादी साच्याला चिकटतो. सिलिकॉनने यांतील बहुतेक दुखणी दूर होतात. गोठताना ते प्रसरण पावते, त्यामुळे धातूचे आकसणे कमी होते. त्याच्या अंगी साठलेली उष्णता मोठी, त्यामुळे रस अधिक काळ पातळ राहतो. बारा टक्क्यांच्या सुमाराला तर वितळणबिंदू ५७७ अंशांपर्यंत खाली येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाचा धंदा जगभर सिलिकॉनच्या खांद्यावर उभा आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. आणि वाहकतेला मारक ठरणाऱ्यांतही सिलिकॉन आहेच.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. हीण किती आहे यापेक्षा ते कोठे आहे याला वाहकतेत अधिक महत्त्व असते. आषाढीच्या वाटेवर दिंडी चालली असताना रस्ताभर माणसे विखरून उभी राहिली तर दिंडी अडखळते. तीच माणसे कडेला झाडाखाली घोळक्याने बसली तर वाट मोकळी राहते. धातूतून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे असेच आहे. घन अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळून एकेकट्या विखुरलेल्या परक्या अणूंनी त्यांची वाट अडते. तेच अणू वेगळ्या कणांच्या रूपाने गोळा झाले तर त्रास पुष्कळ कमी होतो. क्रोमियम शेकडा ०.१ एवढेच विरघळले तरी विजेला होणारा रोध सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढतो. व्हॅनेडियम, टायटॅनियम आणि मँगॅनीज याच पंगतीतले. म्हणूनच विजेच्या तारांसाठी धातू तयार करताना त्यात बोरॉन घालून यांतले बहुतेक शत्रू आधी बाहेर खेचून काढतात.

विखुरलेल्यांना एकत्र आणण्याचा उपाय जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म याच्या हाती १९०६ साली जवळजवळ योगायोगाने लागला. तापवून पाण्यात बुडविलेला मिश्रधातू त्याने शनिवारी अर्धवट तपासून ठेवला आणि सोमवारी येऊन पाहतो तो धातू आपोआप कठीण झालेला. विरघळलेले अणू दोन दिवसांत सूक्ष्म पुंजक्यांच्या रूपाने एकत्र येऊ लागले होते. हे पुंजके योग्य आकाराचे झाले की धातूला बळ देतात, आणि विरघळलेले अणू कमी झाल्याने वाहकताही सुधारते. एका हातात दोन लाडू देणारा असा दुसरा संस्कार धातुशास्त्रात विरळा. विजेच्या खांबांवरून जाणाऱ्या मिश्रधातूच्या तारा याच विद्येवर टिकून आहेत. पण ओतीव पिंजऱ्याला तिचा पुरा लाभ घेता येत नाही. दाबाने रस मारताना हवा आत अडकते; पाचशे अंशांवर पुन्हा तापविले की ती फुगते आणि पृष्ठभागावर फोड येतात. त्यातून पिंजरा पोलादी चकत्यांना घट्ट बिलगलेला. तापवून पाण्यात टाकावा तर दोन्ही धातू निरनिराळ्या मापांनी आकसतात. सबब पिंजऱ्याचा मिश्रधातू असा हवा की ओतून बाहेर काढला की तो बव्हंशी तयार असला पाहिजे.

असे मिश्रधातू शोधण्याची दिशा आता स्पष्ट झाली आहे. घन अ‍ॅल्युमिनियममध्ये जवळजवळ विरघळतच नाहीत अशी मूलद्रव्ये निवडायची. निकेल, लोह, सेरियम ही त्यांतली. ती रसाला पातळ ठेवतात, गोठताना वेगळ्या बारीक जाळीच्या रूपाने बाजूला होतात, त्या जाळीने बळ येते आणि मधल्या शुद्ध धातूतून वीज वाहत राहते. वाहकतेत घट येतेच. पण सिलिकॉन-तांब्याच्या मिश्रधातूइतकी ती जबर नसते. टेस्लाने अशा ओतीव धातूंसाठी पेटंटचे अर्ज केले आहेत. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने सेरियमयुक्त अ‍ॅल्युमिनियमवर काही वर्षे काम चालविले आहे. यांतल्या सेरियमची गोष्ट भारताने विशेष कान देऊन ऐकावी. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट वाळूत जी दुर्मीळ मूलद्रव्ये सापडतात, त्यांचा जवळजवळ निम्मा भाग सेरियमच असतो. लोहचुंबकाला लागणारे निओडिमियम काढायचे म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक सेरियम पदरात पडणार, आणि त्याला पुरेसे गिऱ्हाईक नसते. ७,२८० कोटींच्या योजनेतून लोहचुंबकांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांना देशातलीच वाळू लागली, तर हा उरलेला माल कोठे ठेवायचा हा प्रश्न आज ना उद्या येणारच. सेरियमचा पिंजरा प्रत्यक्ष वाहनात किती टिकेल हे करून पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. पण करून पाहण्यासाठी लागणारा कच्चा माल ज्या देशाच्या दारात पडला आहे त्याने तरी हात बांधून बसू नये.

हीण ही नेहमीच निंदेची गोष्ट आहे, असे मात्र कोणी समजू नये. क्रेनच्या मोटरीला सुरुवातीलाच मोठा जोर लावावा लागतो; तिच्यासाठी रोध मुद्दाम वाढविलेला, म्हणजे हिणकस पिंजराच उत्तम ठरतो. स्कूटरच्या इंजिनाच्या कवचाला विजेशी काय कर्तव्य? तेथे एलएम-२४ सारखा स्वस्त, आज्ञाधारक धातू नाही. चूक होते ती एका कामाचा धातू सवयीने दुसऱ्या कामाला लावण्यात. विजेच्या गाडीच्या नियंत्रकाचे कवच हे त्याचे उदाहरण. त्याचे काम झाकण्याइतकेच उष्णता बाहेर टाकण्याचे आहे. एलएम-२५ ची उष्णतावाहकता एलएम-२४ च्या दीडपटीहून अधिक आहे, आणि विदर्भातल्या वैशाखात हा फरक कागदावरचा राहत नाही. तरीही पेट्रोलच्या गाडीसाठी बसविलेला साचा, भट्टी आणि रस तोच पुढे चालू ठेवण्याचा मोह मोठा असतो.

या मोहाच्या मुळाशी भंगाराचे अर्थकारण आहे आणि त्याकडे अजून कोणाचे पुरते लक्ष गेलेले नाही. भंगार वितळवून धातू मिळविण्यास खनिजापासून तो काढण्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. म्हणून भंगाराचा पुनर्वापर सर्वस्वी इष्ट आहे. पण प्रत्येक फेरीत भंगारात लोह आणि इतर मूलद्रव्ये साचत जातात आणि ती बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते. आजवर हे चालून गेले, कारण पेट्रोल व डिझेलच्या इंजिनांची कवचे हा सगळा गाळ पोटात घेत आली. एलएम-२४ मध्ये लोह १.३ टक्क्यांपर्यंत चालते. किंबहुना थोडे लोह असले तर रस साच्याला चिकटत नाही म्हणून ओतणारा खूषच असतो. विजेच्या गाडीला असे कवच नसते. तिला शुद्ध पिंजरा हवा, आणि अपघातात न फुटता वाकणारे सांगाड्याचे ओतीव भाग हवेत. या दुसऱ्या प्रकारात लोहाऐवजी मँगॅनीज घालतात, कारण लोहाच्या सुईसारख्या कणांनी धातू ठिसूळ होतो. टेस्लाने २०२० पासून गाडीचा मागचा सांगाडाच एका ओतीत काढण्याचा जो प्रकार रूढ केला, त्याने या धातूंची मागणी वाढतच जाईल. आणि मँगॅनीज तर वाहकतेचा शत्रू. म्हणजे उद्या या सांगाड्याचे भंगार पिंजऱ्याच्या भट्टीत गेले तर एकाचे औषध तेच दुसऱ्याचे विष ठरेल. भंगाराच्या वखारीत आज अ‍ॅल्युमिनियमची वर्गवारी पत्रा, तार, ओतीव अशी ढोबळ होते. ती मिश्रधातूच्या नावानिशी झाली नाही तर भंगार मुबलक आणि उपयोगाचा धातू दुर्मीळ, असा प्रसंग येणार आहे.

धातूच्या वाहकतेची काळजी सरकारने करावी हे काही अश्रुतपूर्व नाही. तांब्यासाठी परकीय चलन नव्हते त्या काळात, १९७० च्या अ‍ॅल्युमिनियम नियंत्रण आदेशान्वये, कारखान्यांना आपल्या उत्पादनाचा मोठा वाटा वीजवाहक दर्जाचा काढावा लागे. नियंत्रणे १९८९ मध्ये उठली. ती परत यावीत असे कोणी म्हणणार नाही. पण त्या आदेशामागे एक जाण होती: अ‍ॅल्युमिनियम टनांत मोजून भागत नाही, ते कोणत्या कामाचे आहे हे पाहावे लागते. आजच्या योजना उत्पादनक्षमतेच्या टनांत आणि अनुदानाच्या कोटींत बोलतात. नागपूरला अ‍ॅल्युमिनियमच्या संशोधनासाठीच स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू केंद्र आहे, पुण्यात १९६६ पासून वाहनांची संशोधन संस्था आहे. पिंजऱ्याचा धातू नागपुरात ठरावा आणि मोटर पुण्यात पळवून पाहावी, इतकी सोय एका राज्याच्या हद्दीत इतरत्र सहसा आढळणार नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. लोहचुंबकाची मोटर आकाराने लहान असते आणि हलक्या भाराला तिची कार्यक्षमता अधिक असते. चाकातच मोटर बसविणाऱ्या स्कूटरला पिंजऱ्याची मोटर सोयीची नाही, हे मान्य केले पाहिजे. लोहचुंबक आणि पिंजरा दोन्ही टाळणाऱ्या मोटरीही आहेत. परंतु बस, मालमोटार आणि मोठ्या गाडीचा दुसरा आस यांना हे आक्षेप तितकेसे लागू पडत नाहीत. तेथे पिंजरा आला तर जी थोडी लोहचुंबके हाती असतील ती स्कूटरसाठी उरतील. सगळी भिस्त एकाच धातूवर ठेवल्याचा अनुभव २०२५ च्या उन्हाळ्यात येऊन गेलाच आहे.

राहिला प्रश्न भोसरी, चाकण, वाळूज येथील लहान ओतशाळेचा. मोठ्या कारखान्याकडून तिच्याकडे मिश्रधातूचे नाव आणि मापे लिहिलेला नकाशा येतो. काम किलोच्या दराने घेतले जाते आणि नापास झालेला माल तिच्या पदरी पडतो. अशा हिशेबात शुद्ध रसाशी झुंजणारा मालक तोट्यात जातो आणि त्याच भट्टीत थोडा सिलिकॉनचा रस जाऊ देणारा तरतो; भाग तपासणीच्या टेबलावर दोघांचेही मापात बसतात. वाहकता मोजणारे उपकरण खिशात मावेल एवढे असते आणि गुळगुळीत पृष्ठभागावर टेकवले की क्षणात आकडा दाखविते. तो आकडा नकाशावर मापांच्या शेजारी लिहिला जावा, आणि तो गाठण्यासाठी लागणाऱ्या शुद्ध धातूची व वाढत्या नापास मालाची किंमत कोण सोसणार हे खरेदी खात्याने ऑर्डर देतानाच सांगावे. लोहचुंबकांसाठी जे कोट्यवधी रुपये बाजूला काढले आहेत, त्यांचा लहानसा अंश अशा चाचण्यांवर आणि नमुन्याच्या ओतकामावर खर्च करायला केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाला नवा कायदा करावा लागणार नाही.